मनाची डॉक्टर कुठं बसते?

त्या वर्षी वाख फार चांगला निघाला. तळ्याच्या काठाला दगडांखाली दाबलेली घायपाताची पानं हवी तशी कुजली, आपटून धुतल्यावर धागे पांढरेशुभ्र आणि लांबलचक आले. सुगी तोंडावर होती. गवताचे भारे बांधायला, गाड्या आवळायला, जनावरांना दावी करायला लोकांना दोर हवे होते, आणि निळ्या प्लास्टिकचा दोर तेव्हा अजून कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दोर म्हटला की सगळी पावलं या घराकडे वळत.

घरामागं एक लांब, सरळ, झाडून झाडून गुळगुळीत झालेली पट्टी होती, दोर वळायची वाट. तिच्या एका टोकाला चाक होतं, लोखंडी आकड्यांचं आणि हाताच्या मुठीचं. घरातला मुलगा, म्हणजे आता कर्ता झालेला दोरवाला, कमरेभोवती वाखाचा पुंजका गुंडाळायचा, चाकाच्या आकड्यात धाग्याचं टोक अडकवायचा आणि मागं मागं चालू लागायचा. चाक फिरत राही, बोटांतून वाख सुटत राही आणि त्याच्या पुढ्यात पेड तयार होत जाई. तीन पेड ताणून झाले की त्याचे वडील मध्ये खाचांचा लाकडी ठोकळा धरत, आणि ते पेड एकमेकांना मिठी मारल्यासारखे पिळून निघत. चाक ढिलं पडलं तर दोर पोकळ, चाक उधळलं तर गाठी. म्हणून या घरात एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती: चाक फिरत असताना कुणी कुणाशी बोलायचं नाही. आलेल्या माणसानं उभं राहावं, दोर पुरा होऊ द्यावा, मग तोंड उघडावं.

शाळा सुटल्यावर चाकावर गुंडी बसायची. जन्मली तेव्हा सुताच्या गुंडीएवढीच होती म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं, आणि सात वर्षांची झाली तरी तेच राहिलं. पालथ्या टोपलीवर बसून ती दोन्ही हातांनी मूठ फिरवायची, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून.

"चाकावर बसावं तर आमच्या गुंडीनं," आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "नाकावर माशी बसली तरी हूं नाही की चूं नाही. हिच्या बापाला हे वळण लावता लावता माझे केस गेले."

"केस आधीच गेले होते," आजी आतून म्हणायची.

गुंडीची आई शिकलेली. दूरच्या शहरात वसतिगृहात राहून तिनं पदवी घेतली होती आणि मग या दोरवाल्यांच्या घरात सून म्हणून आली होती. स्वभावानं धास्तावलेली. मूल शिंकलं की ती हातातलं काम टाकून धावायची. गुंडीची नखं, जीभ, झोपेतला श्वास, पायावरचे ओरखडे, सगळं ती रोज नजरेखालून घालायची. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोर आहे ती, दुधाचं पातेलं नव्हे. जरा नजर हलव." एवढं सगळं बघणाऱ्या बाईच्या नजरेतून जे निसटलं, ते शाळेच्या बाईंना घरी येऊन सांगावं लागलं.

बाई आल्या त्या उन्हाच्या कडाक्यात, छत्री मिटत. नेमके तेव्हा तिन्ही पेड पिळाला लागले होते.

"नमस्कार. मी शाळेतून आलेय," बाई म्हणाल्या.

दोरवाला पार त्या टोकाला होता. मामंजी, म्हणजे गुंडीचे आजोबा, ठोकळ्यावर वाकलेले. गुंडीची आई ओल्या फडक्यानं दोरावरची कुसळं दाबत चालली होती. तिनं नुसतं हसून डोळ्यांनी खाटेकडे खूण केली. गुंडीनं मान वळवली नाही. तिचे कान मात्र लालबुंद झाले.

"तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय," बाई जरा मोठ्यानं म्हणाल्या. चाक फिरत होतं. "मी लांबून चालत आलेय." चाक फिरत होतं. "ऐकू येतंय का कुणाला?"

दोर पुरा झाला, टोकाला गाठ बसली, तेव्हा मामंजींनी पाठ सरळ केली आणि अगदी मायेनं विचारलं, "या बाई, या. कधी आलात?"

"मघापासून तुमच्याशीच बोलतेय मी!"

"हो का? चाक चालू होतं ना."

बाईंनी पाणी प्यायलं, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि गुंडी आत गेल्याचं बघून म्हणाल्या, "तुमची मुलगी शाळेत बोलत नाही."

"शहाणी आहे," मामंजी खूश झाले. "चाकावरची सवय ती."

"आजोबा, मी कौतुक करायला आलेली नाही. ती एकही शब्द बोलत नाही. माझ्याशी नाही, पोरींशी नाही. हजेरीला हात वर करते. लिहिते छान, गणितं भराभर सोडवते, पण कविता म्हण म्हटलं की लाकूड होऊन उभी राहते. परवानगी विचारता येत नाही म्हणून..." बाईंनी आवाज खाली आणला, "म्हणून वर्गात बसल्या जागी झालं तिला. एकदा नाही. पोरं नाक धरतात."

गुंडीच्या आईच्या डोळ्यांपुढं ओली चड्डी आली. पाण्याची बाटली सांडली, असं गुंडीनं सांगितलं होतं, आणि तिनं ती धुऊन वाळत टाकली होती. वर बाटलीचं झाकण बदललं होतं.

"हेडमास्तरांचं म्हणणं पडलंय की वार्षिक परीक्षेपर्यंत बघायचं," बाई म्हणाल्या. "तोवर तोंड उघडलं नाही, तर मुक्या मुलांच्या शाळेत पाठवायचं. ती शहरात आहे. तिथंच राहावं लागतं."

"मुकी?" आत्याबाई उंबऱ्यावरून ताडकन उठल्या. "आज सकाळीच मला म्हणाली, आजी, तू घोरतेस तेव्हा मांजर उठून बसतं. मुकी मुलगी असं बोलेल?"

"घरी बोलते, म्हणूनच तर म्हणतेय. हे गळ्याचं नाही, मनाचं काहीतरी असावं. कुणा मानसतज्ज्ञाला दाखवा. लहान मुलांचं बघणाऱ्या."

"ते कुठं बसतात?" गुंडीच्या आईनं विचारलं.

"मला माहीत असतं तर पत्ताच घेऊन आले असते, ताई."

बाई गेल्यावर बराच वेळ कुणी चाकाला हात लावला नाही. गुंडीची आई वाख विंचरायला बसली, पण विंचरता विंचरता एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. दुकानात गेलं की गुंडी तिचा हात ओढायची, तिच्या कानाला ओठ लावून कुजबुजायची, आणि मग आईच मोठ्यानं सांगायची, "हिला लाल रिबीन हवीय." पाहुण्यांनी नाव विचारलं की आईच सांगायची. दोर न्यायला गिऱ्हाईक येई तेव्हा तर चाकच चालू असे, आणि तेव्हा सगळेच मुके. या घरात पोरीचं न बोलणं दिसायचं तरी कसं? पांढऱ्या भिंतीवर उडालेल्या दुधासारखं ते मिसळून गेलं होतं.

"भित्री आहे एवढंच," दोरवाला म्हणाला. "मीपण होतो लहानपणी."

"तुम्ही वर्गात ओले होत होतात?"

त्यानं कमरेचा वाख सोडून खाली ठेवला. मग म्हणाला, "सुगी उरकू दे. मग जाऊ कुठं जायचं तिथं."

"सुगी उरकेल तेव्हा परीक्षा आलेली असेल. मी जाते तिला घेऊन. चाकावर आत्याबाई बसतील."

"मी?" आत्याबाई म्हणाल्या. "माझं तोंड बंद व्हायचं म्हणजे दोराला माझ्या मरणाचीच वाट बघावी लागेल." पण दुसऱ्या दिवशी त्या पालथी टोपली बाजूला सारून चाकापुढं ठाण मांडून बसल्या होत्या.

बाजारगावात मानसतज्ज्ञ कुठं बसतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पत्ता सांगायला मात्र कुणीच मागं राहत नव्हतं. औषधाच्या दुकानदारानं बोलत नाही म्हटल्यावर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी गुंडीच्या जिभेवर चमचा दाबला, कपाळावरच्या आरशातून आत बघितलं. "आ कर." गुंडीनं आ केला, आवाज न काढता. "फर्स्ट क्लास गळा! सभा गाजवेल सभा! घरी काही रागावता का?" पिवळी गोळी रोज द्या म्हणाले.

गोळीनं गुंडीला झोप तेवढी छान लागली.

मग कुणीतरी सांगितलं, डोक्याचे डॉक्टर आहेत, पिठाच्या गिरणीच्या वर. जिना चढून गेल्या तर दाराला कुलूप, आणि खालचा गिरणीवाला पिठानं माखलेल्या भुवया उंचावून म्हणाला, "ते फिट येणाऱ्यांचं बघतात. तेही महिन्यातून एकदा. लेकराला काय झालंय?" तिनं सांगितलं. "बोलत नाही? बाई, माझी बायको घेऊन जा, चार दिवसांत शिकवेल." गुंडीला हसू आलं. हसताना तिनं आईच्या कमरेत तोंड खुपसलं, म्हणजे आवाज बाहेर पडू नये.

तिसऱ्या खेपेला 'सल्ला केंद्र' अशी पाटी दिसली. आईचा जीव भांड्यात पडला. आत एक गृहस्थ होते, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आम्ही पिकांवरच्या किडीचा सल्ला देतो. पण तुमचं ऐकून फार वाईट वाटलं." त्यांनी गुंडीला भोपळ्याच्या बियांची पुडी दिली.

"काय म्हणायचं गं? 'थँक्यू' म्हण," असं आईच्या ओठावर आलं, आणि सवयीप्रमाणं तीच म्हणाली, "थँक्यू म्हणतेय ती."

प्रत्येक खेपेला घरी परतावं तर आत्याबाईंच्या हातचा दोर वाटेवर पडलेला दिसे, मध्येच फुगलेला, मध्येच बारीक. अजगरानं कोंबडी गिळली आहे, असं दोरवाला म्हणायचा. एक गिऱ्हाईक तो दोर हातात घेऊन, खाली ठेवून, काही न बोलता निघून गेलं. पहिल्यांदाच असं झालं होतं. मामंजींनी तो दोर उचलून आत नेला आणि कुणालाही न दाखवता सोडवत बसले. कुणी आईला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी वाख विंचरताना तिला एकदम कॉलेज आठवलं. लग्नानंतर ते दिवस तिनं घडी घालून ठेवून दिले होते. मानसशास्त्राच्या तासाला मोजक्या मुली असायच्या, जिन्याखालच्या लहानशा वर्गात. एका बाजूची खिडकी उघडली की कडुनिंबाची फांदी आत यायची, आणि सर फांदी हलक्या हातानं बाहेर ढकलून शिकवायला सुरुवात करायचे. स्मृती, भय, सवय, असे एकेक शब्द ते खडूनं फळ्यावर लिहायचे आणि ओळखीचं कुणी दिसल्यासारखं त्यांच्याकडे प्रेमानं बघायचे. एवढं सगळं शिकून आपण केलं काय, तर वाख विंचरला, असं तिला वाटलं. पण सर सांगतील. सरांना ठाऊक असेल.

एसटीला उशीर, मग दुसरी गाडी. शहरात उतरल्यावर तिच्या पावलांना रस्ता आपोआप आठवला. चौकातलं शिंप्याचं दुकान तसंच होतं, शिंपी म्हातारा झाला होता. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीचा कठडा तिला दिसला, ज्यावर बसून त्या मुली भुईमुगाच्या शेंगा फोडत आणि टरफलं खालच्या व्हरांड्यात टाकत. "गुंडी, तिथं बसायचो आम्ही," ती म्हणाली. "चंद्र असला की अभ्यास तिथंच. आणि मला सगळ्या पहारेकरी म्हणायच्या."

"का?" गुंडीनं विचारलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, म्हणून तोंडानं विचारलं.

"पहाटे सगळ्यांना मीच उठवायची. मला झोपच यायची नाही, उशीर होईल या भीतीनं."

गुंडीनं बराच विचार केला. "म्हणजे तुलापण भीती वाटायची?"

"अजून वाटते," आई म्हणाली. गुंडीनं तिचा हात जरा घट्ट धरला.

कॉलेजच्या फाटकातल्या शिपाईमामांनी तिला ओळखलं. निदान तसं म्हणाले तरी. सर निवृत्त होऊन वाचनालयामागच्या खोलीत राहत होते. त्यांनी दार उघडलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "दुसरा बाक. खिडकीजवळ." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सगळं ऐकून सर हसले, पण उदास हसले. "बाळ, मी पुस्तकातलं शिकवलं. समोर खरं मूल बसलं की मलाच काय करावं सुचत नाही. नातू रडला तरी मी बाहेर फिरायला जातो. पण तुझ्या शेजारी बसायची ना, जाड चष्म्याची..."

"ढापणी!"

"तीच. तास चालू असताना सारखी बोलायची. ती पुढं शिकली. मुलांचंच बघते आता. दर बुधवारी कुठल्याशा शाळेत बसते." सरांनी कपाळ चोळलं आणि गावाचं नाव सांगितलं.

ते तिचंच बाजारगाव होतं.

भाजीमंडईच्या मागं, नगरपालिकेच्या शाळेत, खेळाच्या सामानाची खोली होती. लेझीम, फाटके चेंडू, गुंडाळलेली जाळी आणि मध्ये दोन लहान खुर्च्या. गिरणीपासून हाकेच्या अंतरावर. गुंडीला घेऊन आई त्या भिंतीजवळून कितीदा तरी चालत गेली होती.

ढापणीचा चष्मा तेवढाच जाड होता, केसांत पांढरे आले होते. "पहारेकरी!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. मिठी मारली, बाजूला केलं, पुन्हा मिठी मारली. "जाड झालीस. नाही, मीच जाड झालेय. कुठं होतीस गं इतकी वर्षं?"

"इथंच. तुलाच शोधत होते."

"मला कुणीच शोधत नाही. लोकांना वाटतं ही चेंडूंची राखणदार आहे." मग ती एकदम हळू झाली. गुंडीकडे सरळ बघितलंच नाही. खाली बसकण मारली, टोपलीतल्या रंगीत लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचू लागली. "मला आता निळा लागेल की पिवळा, कळत नाही," ती ठोकळ्यांनाच म्हणाली.

"तिला निळा आवडतो," गुंडीची आई म्हणाली.

"तू गुंडी आहेस का?"

"नाही, पण..."

"तू त्या जाळीवर जाऊन बस. आणि दाताखाली रुमाल धर हवं तर."

आई जाळीवर बसली. बोल ना गं, बोल ना एकदा, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. गुंडी उभीच होती. ढापणी मनोरा रचत होती, पाडत होती. फार वेळानं गुंडीनं एक निळा ठोकळा पुढं सरकवला. "हं, बरोबर," ढापणी म्हणाली, जणू हे रोजचंच आहे.

गुंडीला बाहेर अंगणात पाठवून तिनं आईला समोर बसवलं. "हट्ट नाही, लाड नाही, खुळेपणा तर नाहीच. तिला बोलायचं असतं. तोंड उघडलं की भीतीनं गळा आवळतो, एवढंच. आणि ती अडली की तू धावून जातेस. तू बोललीस की तिची सुटका होते, आणि भीती मोठी होते. माझं ऐकशील?"

"सांग."

"तिच्या बदली बोलायचं नाही. कुणीच 'बोल ना' म्हणायचं नाही, आमिष नाही, धाक नाही. आणि रोज शाळा सुटल्यावर तिच्या रिकाम्या वर्गात तू तिच्याबरोबर बसायचं. खेळायचं, गप्पा मारायच्या. त्या भिंतींना तिचा आवाज ऐकू दे आधी. तिथं ती मोकळी झाली की बाई व्हरांड्याच्या टोकाला येतील. मग जवळ. मग दारात. माणूस हळूहळू आत आणायचं. तिनं मागं ओढलं की आपणही मागं यायचं."

"किती दिवस?"

"ते तिला विचार. मला काय ठाऊक?"

"रोज?" दोरवाल्यानं घरी विचारलं. भारे बांधायचे दिवस अगदी दारात येऊन ठेपले होते. मायलेकींपैकी कामाला एकही नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मामंजींनी चाकाचे आकडे फडक्यानं पुसले. मग म्हणाले, "दोर काय, पुन्हा वळता येतो." एवढंच. आणि मग आत्याबाईंना चाक शिकवायला स्वतः बसले. त्या दोघांचं भांडण गुंडीला पार फाटकापर्यंत ऐकू यायचं.

"हळू फिरव!"

"तुम्ही म्हणाल तेवढंच फिरवते, चाळीस वर्षं तेच चाललंय!"

रिकाम्या वर्गात पहिल्या दिवशी गुंडी आईच्या कानातच बोलली. आई फळ्यावर मांजर काढायची, मुद्दाम पाचवा पाय काढायची. गुंडी कुजबुजायची, पुसायची. मग एकदा मांजराची शेपूट कानाजवळ आलेली बघून ती मोठ्यानं म्हणाली, "आई! असं असतं का कुठं?" तिचा तो आवाज बाकांवरून, खिडक्यांवरून फिरून परत आला आणि दोघी दचकल्या. त्यानंतर गुंडी शिक्षिका झाली. आई विद्यार्थिनी. "हात पुढं. नखं किती वाढलीत!" ती बाईंच्याच सुरात म्हणायची, आणि आईला कळायचं की पोरगी सगळं ऐकत होती, सगळं साठवत होती.

उन्हं कलायची. खडूचा आणि वाळलेल्या मातीचा वास यायचा. पुढं कितीतरी वर्षांनी, वाटेवर गवत उगवलं आणि निळे दोर दुकानांत लटकू लागले तेव्हा, आईला वाटायचं की आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी त्याच होत्या. जीव टांगणीला लागलेला आणि लेक एकटी आपल्यासमोर मनसोक्त बोलतेय. पुन्हा तेवढं बोलणं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं नाही.

बाई शहाण्या निघाल्या. व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून पाठमोऱ्या वह्या तपासत बसायच्या. गुंडीचा आवाज खाली जायचा, पण थांबायचा नाही. मग खुर्ची दोन वर्गांइतकी जवळ आली. मग दाराबाहेर. एकदा बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सातशे बत्तीस भागिले चार, मला येतच नाही बाई," आणि गुंडी आईला म्हणाली, मुद्दाम मोठ्यानं, "एकशे त्र्याऐंशी." बाईंनी मान न वळवता उत्तर लिहिलं. त्या उत्तराखाली त्या दोनदा रेघ ओढताना आईला दिसल्या.

आणि त्याच आठवड्यात हेडमास्तर कागद विसरले म्हणून परत आले. दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या. "अरे वा! बोलते की! नाटक होतं तर सगळं! बोल बघू, माझ्याशी बोल!"

गुंडीचा चेहरा खडूसारखा झाला. बाकाखाली ओघळ आला.

"उद्या वर्गात सगळ्यांसमोर कविता म्हणायची हं," हेडमास्तर प्रेमानंच म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

त्यानंतर गुंडी आईच्या कानातसुद्धा बोलेना. परीक्षा जवळ आली होती. बुधवारी आईनं ढापणीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिला हुंदका फुटला. "सगळं गेलं गं."

"काही गेलं नाही. मागं आलोय आपण. पुन्हा मागून सुरू करायचं, पहिल्यापेक्षा लवकर होईल. आणि त्या हेडमास्तरांना मी भेटते. तुझं काम तिच्याबरोबर बसायचं."

ढापणी शाळेत गेली. तिथं काय बोलली ते कुणालाच कळलं नाही, पण व्हरांडाभर तिचा आवाज ऐकू येत होता म्हणे. शिपाई सांगत होता, साहेब बाहेर आले तेव्हा घाम पुसत होते. परीक्षेनंतर बघू, एवढं बोलले.

पुन्हा मांजरं. पुन्हा बाई टोकाला. मग जवळ. बाईंनी एकदा वर्गातली एक मुलगी बरोबर आणली, शेंबडी, दात पडलेली, बडबडी. तिला गुंडीशी काही देणंघेणं नव्हतं, तिला खडू हवे होते. दोघी फळ्यावर रेघोट्या मारत राहिल्या, आणि कधी दोघीही बोलू लागल्या हे आईला नीट कळलंही नाही. तिनं त्या दिवशी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभं राहायचं ठरवलं. आत जायचं नाही. धावून जायचं नाही. ती तिथंच उभी राहिली.

काही दिवसांनी ती बाहेरही थांबेनाशी झाली.

परीक्षा उद्यावर आली होती. शेवटचे भारे बांधले जात होते, दोर मागायला माणसं थांबली होती. त्या दुपारी आई वाटेवर होती, कमरेला वाख, दोरवाला गिऱ्हाइकांना दोर मोजून देत होता म्हणून त्याच्या जागी तीच मागं मागं चालत होती, आणि आत्याबाई चाकावर. शाळा सुटून गुंडी आली ती धावतच, दप्तर आपटत, डोळे लाल, नाक वाहतंय.

आईच्या हातातला धागा सुटला, चाक उधळलं. "काय झालं? काय झालं गं?"

"बाई ओरडल्या मला!"

"का?"

"नाही सांगणार." मग लगेच, "त्या दातपडकीनं माझा रबर घेतला. मी म्हटलं दे. ती म्हणाली माझाच आहे. मी म्हटलं खोटारडी. मग ती म्हणाली, मग मी म्हटलं... आणि बाई मलाच म्हणाल्या, गप्प बस, किती बोलतेस! सगळ्यांसमोर! पट्टी आपटून!"

चाक आपोआप फिरून थांबलं.

"आणि मग बाईच रडायला लागल्या," गुंडी वैतागून म्हणाली. "ओरडल्या त्या, आणि रडल्यापण त्याच. आणि हेडमास्तर दारात उभे होते, ते म्हणाले, राहू द्या हो बाई हिला आपल्याकडेच. मला काही कळलंच नाही."

आईनं खाली बसून तिचं नाक पुसायला सुरुवात केली आणि पुसतच राहिली. हात थांबेना. दोरवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मामंजींना हसायची उबळ आली, हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळे वाहू लागले.

"हसता काय?" आत्याबाई चाक सोडून उठल्या. "पोरीला वर्गात गप्प बसवते? कोण लागून गेली ही बाई? छत्री घेऊन आली होती तीच ना? आत्ताच्या आत्ता जाते मी शाळेत!"

"आजी, तू नको जाऊ," गुंडी म्हणाली. "तू फार बोलतेस."